शिवेवर थांबलेलं वऱ्हाड

प्रिय मयुरी,

लग्न कसं झालं म्हणून तू फोनवर विचारलंस, तेव्हा 'छान झालं' म्हणून मी मोकळी झाले. छान झालंच, पण त्याआधी जे झालं ते मी सांगितलंच नाही.

तुला माहीत आहे, आम्हा गोंडांत नवरीच वऱ्हाड घेऊन नवऱ्याच्या गावी जाते. नर्सिंगच्या होस्टेलात मी हे सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "मग घोड्यावर तूच बसशील काय?" घोडा नव्हता, पिकअप होती. पोंभुर्ण्याच्या पुढे नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, वाहून गेलाय, म्हणून तिथून बिरजूच्या गावापर्यंत जंगलातून पायी निघालो. पुढे लटारूकाका, मध्ये हळदीच्या लुगड्यात मी, मागे आई आणि बाकीचं गाव. त्याच जंगलात मोहफुलं वेचायला गेलेली एक बाई यंदा वाघानं नेली होती. वाटेत कोणी तो विषय काढला नाही. ढोल मात्र कोणी थांबू दिला नाही.

गावाच्या शिवेवर थांबायचं असतं. नवऱ्याकडचे लोक वाजतगाजत येतात, नवरीचे पाय धुतात, मगच पुढे पाऊल टाकायचं. आम्ही ढोल वाजवून आल्याचं कळवलं. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा वाजवला. ऊन कलू लागलं. बायका एकमेकींकडे बघेनात. मला वाटलं, त्यांचं मन फिरलं. खरं सांगू, तेव्हा मला त्याचंच जास्त भ्याव वाटलं.

मग झाडावरची वानरं खाकरू लागली. वानरं तशी खाकरली की जवळ कोण आहे, ते आमच्याकडे लेकरालाही कळतं. कोणीतरी आल्या वाटेनं पळायला वळलं, तर काका हळू आवाजात म्हणाले, "पळू नोका. बसू बी नोका. खेटून उभे राहा, पोरीले मंधात घ्या." बायकांनी मला मध्ये घेतलं. आई मात्र बाहेरच राहिली. माझ्या पाठीशी, जंगलाकडे तोंड करून. हातात काय, तर मला द्यायला आणलेला पितळेचा गंज, भाताचं मोठं पातेलं. मी तिचा पदर ओढला, "माय, आत ये ना." ती म्हणाली, "तू समोर पाह्य. मी हाओ ना इथी."

बांबूच्या बेटातून तो निघाला आणि वाटेवर येऊन उभा राहिला. गुरगुरला नाही, काही नाही. नुसता आमच्याकडे बघत होता. ढोलवाल्याचे हात थांबले. तेवढ्यात आईनं तो गंज दगडावर आपटायला सुरुवात केली. मग ज्याच्या हातात जे होतं ते त्यानं वाजवलं, आणि पलीकडून डबे, ढोल, माणसांची हाळी ऐकू आली. त्यानं मान वळवली, थोडं ऐकलं, आणि आला तसा बांबूत शिरला.

त्या माणसांच्या पुढे अंगाला हळद लागलेला बिरजू होता, हातात काठी. दुपारी त्यांच्या शिवारात वाघानं बैल मारला होता, म्हणून वनखात्याच्या माणसांनी गावाला अडवून ठेवलं होतं. आमचा ढोल मध्येच बंद पडला आणि याला बसवेना. हळद लागल्यावर नवरदेवानं मांडव सोडायचा नसतो. गावचा पुजारी, ज्याला आम्ही भुमक म्हणतो, चांगलाच रागावला. बिरजू खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माहं. पण हे लोकं माह्यासाठीच आले होते ना." देवाला कोंबडा कबूल करून तो विषय मिटला.

मांडवात नवरा-नवरीच्या डोक्यावर वरून पाणी ओततात. ओतायच्या आधी भुमकानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "पोरी, तुह्या मनात हाये ना? नसन तर आताच सांग. कोनी राग नाई धरनार." माझ्या तोंडातून लगेच शब्द फुटेना. गाव थांबलं. कोणी घाई केली नाही. मग मी 'हाये' म्हणाले.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तुझा फोन तुझा होणारा नवरा, पियुष, रोज तपासतो. म्हणून हे पत्र आपली होस्टेलातली मोनाली तुझ्याच हातात देईल. चंद्रपूरला भेटलो तेव्हा बांगड्यांखालचा निळा डाग मी पाहिला. त्यानं हात पिरगळला हे तू हसत सांगितलंस, आणि म्हणालीस, "पत्रिका वाटून झाल्या, आता कोनाले सांगू?" तुझं ते हसणं शिवेवर उभी असताना मला आठवत होतं. येत्या रविवारी मी आणि बिरजू वरोऱ्याला तुमच्या घरी येतोय. तुझ्या बाबांसमोर, गुणवंतराव काकांसमोर, मी तुला विचारणार आहे, तुझ्या मनात आहे का. बोलता नाही आलं तर नुसती मान हलव. काका मला दारातूनच परत लावतील याची भीती वाटते. तरी येते.

तुझीच,
दुर्गा