तू सोडलेला डाव

प्रिय किसन,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, एवढं मला कळतं. तरी लिहितो आहे. येत्या रविवारी मला चार लोकांसमोर बोलायचं आहे आणि त्याची आतापासूनच धास्ती वाटते आहे. कुणाला सांगू? घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "लग्नात अक्षता टाकाले उभं केलं तरी तुमाले घाम सुटते, अन् तुमी भाषण देऊन रायले?" भाषण नाही गं बाई, बुद्धिबळाचा डाव सांगायचा आहे! पण तिचं तरी काय चुकलं? माझं शिक्षण पाचवीपर्यंत, आयुष्य गेलं सायकलींचे पंक्चर काढण्यात. चारचौघांत तोंड उघडलं की अर्धं वाक्य आतच राहतं. फक्त तुझ्यासमोर तसं कधी झालं नाही. म्हणून आधी तुला सांगून घेतो.

आपला शेवटचा डाव सांगायचा आहे, किसन. तू सोडलेला.

तू गेल्यापासून आपला रविवार नावालाच उरला आहे. मुर्री गावातल्या देवळामागच्या टिनाच्या शेडात मंडळी येतात. पट अंथरतात, खेळतात. हरलेला माणूस "चला, झालं" म्हणून उठतो, चहा घेतो आणि गाडीला किक मारून निघून जातो. कुणी थांबत नाही. कुणी विचारत नाही की बाबा, इथं घोडा पुढे का काढला? मागच्या रविवारी तर दोन पट मांडून झाले आणि सकाळचे दहा वाजायच्या आत शेड रिकामी! तुला पटलं असतं का हे?

काय पद्धत घालून दिली होतीस तू! डाव संपला की दोघांनी जागा बदलायच्या. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या बाजूला बसायचं, जिंकलेल्यानं हरलेल्याच्या. सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि हरलेल्यानं आधी बोलायचं, पहिल्या चालीपासून, आपण काय विचार केला ते. त्याचं संपेपर्यंत जिंकलेल्यानं तोंड उघडायचं नाही. कुणी उघडलंच, तर सगळ्यांचा चहा त्याच्या डोक्यावर. आपल्या शेडातल्या रामप्रसादजींनी या नियमापायी किती चहा पाजला असेल, ते त्यांनाच ठाऊक. "अरे भाई, जीतनेवाले का मुँह सिलवा दिया इसने!" असं दर वेळी ओरडायचे आणि दर वेळी बोलायचेच.

मी हरलो की तू समोर गप्प बसायचास. मी "इथं... म्हणजे मी... तो उंट..." करत राहायचो. दुसरं कुणी असतं तर वाक्य पुरं करून दिलं असतं. तू कधी दिलं नाहीस. खूपच वेळ लागला तर एवढंच म्हणायचास, "सुख्या, उंट पंक्चर झाला का बे तुहा? हवा भर, सावकाश बोल." सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि हसता हसता वाक्य बाहेर पडायचं.

ती युक्ती होती, होय ना? मला आत्ता कळून राहिलं.

तो शेवटचा रविवार तुला आठवतो का? धानाच्या कापणीचे दिवस, शेडात चार-पाचच माणसं. तू रेल्वेतल्या नोकरीतला जुना खाकी स्वेटर घालून आला होतास. मी म्हटलं, "एवढी थंडी कुठे आहे?" तू म्हणालास, "तुले नाही वाजत त मले बी वाजू नये का?" मला तेव्हाच कळायला हवं होतं. छातीत काही होत होतं का रे? सांगितलं का नाहीस? रेल्वेचा दवाखाना काय लांब होता? सायकलवर डबलसीट घेऊन गेलो असतो तुला. पण नाही. तुला आधी डाव हवा होता!

डाव लांबला. एकेक करत सगळं मारलं गेलं. तुझी काळी मोहरी, माझी पांढरी. शेवटी पटावर काय उरलं? दोन राजे आणि दोन प्यादी. राजे दोघांचेही लांब, कुणाचंच प्यादं अडवता न येण्याजोगे. तुझं प्यादं घोड्याच्या रांगेत, शेवटच्या घराला दोन चाली बाकी. माझं वजिराच्या रांगेत, त्याला तीन. आणि चाल तुझी.

तू बराच वेळ बघत राहिलास. मग आपला राजा आडवा केलास आणि म्हणालास, "घे. मी घोडा घेऊन का करू बे? तुहा त वजीर येते."

मीही मान डोलावली. "हो, घोड्यानं काय होते," असं म्हटलं सुद्धा! मग तू पाणी मागितलंस. चेहरा उतरलेला बघून मी म्हटलं, जागा बदलणं राहू दे, पुढच्या रविवारी उलगडू. तूही कधी नव्हे ते "बरं" म्हणालास.

पुढचा रविवार तुझ्या वाट्याला आलाच नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मी दुकानात गिऱ्हाईक नाही बघून पट काढला. तोच आपला, ज्यात काळा हत्ती हरवलाय आणि त्याच्या जागी मी सायकलचा मोठा नट ठेवतो. शेवटची मांडणी लावली. माझ्या बाजूला बसलो आणि मनाशी म्हटलं, सुखदेव, तू जिंकलास, बघ. बघवेना. मग आठवलं, आपण जागा बदलल्याच नव्हत्या. म्हणून स्टूल उचललं आणि तुझ्या बाजूला जाऊन बसलो.

तुझं प्यादं सरकवलं. पलीकडचं माझं सरकवलं. तुझं पुन्हा सरकवलं. पोचलं शेवटच्या घरात! मी डब्यातून घोडा उचलला, त्या घरावर ठेवायला गेलो आणि माझा हात तिथेच थांबला.

घोडा कायले?

किसन, घोडा कायले रे?

आपण लहानपणी शिकलो तो देशी खेळ. त्यात प्यादं ज्या रांगेतून वर पोचेल, त्याच रांगेचं मोहरं व्हायचं. घोड्याच्या रांगेतून गेलं तर घोडा, वजिराच्या रांगेतून गेलं तर वजीर. पण तो नियम आपण केव्हाच सोडला. सामन्यांचा नियम शेडात आणला कुणी? तूच ना! कुठल्याही रांगेतून पोचा, वजीर घ्या. जुन्या सवयीनं कुणी घोडा किंवा उंट ठेवला की तूच ओरडायचास, "आजोबाचा नियम आजोबापाशी ठेव!" आणि त्याच्याकडूनही चहा घ्यायचास. मला तर शेडात खेळायला येणाऱ्या अंगणवाडीच्या उषाताईंनी याच चुकीवरून किती झापलं होतं.

म्हणजे तुझा वजीर आधी आला असता. माझ्या प्याद्याला तेव्हा अजून दोन घरं जायची होती. तुझ्या वजिरानं त्याला गाठून खाल्लं असतं. डाव तुझा होता! आणि तू राजा आडवा केलास. समोर बसलेल्या मला दिसलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तोच आजोबाचा नियम. शेडात दुसरं कुणी जवळ असतं तर एका क्षणात ओरडलं असतं. पण पटाशी होते कोण? दोन म्हातारे, एकाच गल्लीत, एकाच ओट्यावर खेळ शिकलेले. चूकसुद्धा दोघांची एकच!

त्या दुपारी मी दुकान लवकर बंद केलं. आधी हसू आलं, मग हसू आवरेना, मग दुसरंच काही आवरेना. तू हरल्याचं मनात घेऊन घरी गेलास, हेच मला खात होतं. अजून खातं.

शेडात सांगितलं तर भांडणच झालं. तुझ्या आठवणीचा रविवार करायचा, तुझा एक डाव सगळ्यांनी मिळून बघायचा, असं ठरत होतंच. रामप्रसादजी म्हणाले, "तिरोडा टूर्नामेंटवाला गेम दिखाओ. क्या मारा था किसनभाऊने! सब ताली बजाएंगे." मी म्हटलं, शेवटचा डाव घ्या. ते चिडले. "आदमी चला गया, और तुम उसकी गलती सबके सामने खोलोगे? शरम करो, सुखदेवजी!"

खरंच की, लोक काय म्हणतील? सुख्यानं मेलेल्या दोस्ताची चूक काढून स्वतःचा मोठेपणा केला, असं म्हणतील का? दोन रात्री झोप नाही. बीपीची गोळी एकदा घेतली, की घेतलीच नाही, तेही आठवेना.

उषाताई म्हणाल्या, "तुमी दोघं कायले भांडता? वहिनीले विचारा न. त्या हो म्हणतील त होच."

म्हणून तुझ्या घरी वहिनींकडे गेलो. अंगणात धान वाळत घातलं होतं, त्या पायानं सारखं करत होत्या. मी उभ्या उभ्या काहीतरी पुटपुटलो. त्यांनी बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि आधी त्यांनीच विचारलं, "भाऊजी, त्या दिवशीचा डाव ते जिंकले का हरले?"

मी सगळं सांगितलं. घोडा, वजीर, दोन घरं, तीन घरं. त्यांना खेळ कळत नाही, पण त्या मधेच थांबवून विचारत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे चुकलेच न ते?"

"हो," म्हटलं. "पण मीही चुकलो. दोघंही."

त्या थोडा वेळ धान सारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जिंकून आले त घरी कधी एक शब्द नाही बोलले. हरून आले की जेवताना भाजीच्या ताटलीत कांद्याच्या फोडी मांडून दाखवत, इथं चुकलो, तिथं चुकलो. मी म्हणो, जेवा आधी. तिरोड्याचा डाव मले त्यांनी कधीच सांगतला नाही. लोकायनंच सांगतला." आणि मग, "हरलेला सांगा, भाऊजी. तोच त्यांचा आहे. मी बी येईन ऐकाले."

आता सांग, किसन, यानंतर मी मागे हटू शकतो का?

रामप्रसादजींना मी फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी बोललो. म्हटलं, शेवटचाच डाव घ्यायचा, आणि तो मीच सांगणार. ते म्हणाले, "तुम बोलोगे? तुम?" मी म्हटलं, "हो, मी." तर म्हणतात कसे, "फिर तो मैं पहली लाइन में बैठूँगा." टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. विचारही करणार नाही म्हटलं, पण करतोच आहे.

एक गोष्ट मात्र मी पक्की केली आहे. निकाल बदलायचा नाही. उषाताई म्हणत होत्या, किसनभाऊ जिंकले असंच लिहून टाकू, आपल्याच शेडातला डाव, कोण विचारते? मी नाही म्हटलं. राजा आडवा झाला की डाव संपला, हे तू आम्हा सगळ्यांना शिकवलंस. तू हरलास, किसन. मला कितीही वाईट वाटलं तरी तू हरलास. आणि आपल्या पद्धतीप्रमाणे हरलेल्यानं आधी बोलायचं असतं. तुझं बोलणं राहिलं आहे. ते राहू देणार नाही.

रागावलास का? रागाव. पण मला तरी दुसरा रस्ता कुठे ठेवलास तू? तुझी प्रत्येक चाल मला बोलून दाखवायची आहे, तू काय विचार केला असशील ते. कुठं चुकेन, कुठं अडखळेन. वहिनी समोर असतील. शेडाजवळून जाणाऱ्या रविवारच्या त्या मालगाड्या नेमक्या माझ्या वाक्यातच भोंगा वाजवतील. मग काय करू? थांबेन. गाडी गेली की पुन्हा बोलेन.

आणि त्या दिवसानंतर शेडात कुणी डाव संपल्यावर नुसतं उठून गेलेलं मी चालू देणार नाही. रामप्रसादजींनाही नाही. गाडीची किल्ली काढून घेईन वेळ पडली तर!

वचन देतो, किसन. रविवारी मी माझं स्टूल सोडून तुझ्या बाजूला बसेन. "इथं मी डाव सोडला," असं तुझ्या वतीनं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन. मग आडवा पडलेला काळा राजा हातानं उभा करेन, तुझं प्यादं दोन घरं पुढे नेईन आणि त्या शेवटच्या घरावर वजीर ठेवेन. घोडा नाही, वजीर. तो तिथं ठेवल्याशिवाय उठणार नाही.

तुझ्यासमोर बसणारा,
सुखदेव