टाचेखालचं नाव

सुनचॉन, ता. ३ नोव्हेंबर २०१९

चि. गी-ह्वान मास्तर यास दोन महिन्यांनी थोरल्या मावसभावाचे अ. उ. आ.

तुझी वहिनी किमची घालायला बसली आहे आणि मला कोबीला मीठ चोळायला लावते आहे. सायकलीचं दुकान थोरल्यावर सोपवलं.

युन-सिल गेली. तिच्या मुलीचा फोन आला होता. आईच्या शिवणाच्या डब्यात शाळेच्या गणवेशावरची नावाची पट्टी सापडली, ‘ओक गी-ह्वान’ लिहिलेली. मामा, हे कोण, असं विचारत होती. मी म्हटलं, आहे एक म्हातारा, कविता म्हणतो आणि पत्रांना उत्तरं देत नाही. तिच्या मागे मंदिरात होणाऱ्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या पूजेला ये आणि तूच सांग तिला.

तुझा,
दाल-सू

जॉन्जू, ता. ११ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तिला सांगण्याआधी तुला सांगायला हवं. आपण तिघं एकमेकांचे होतो. कोण कुणाचं, हे कधी वाटून घेतलं नव्हतं. दर सोमवारी नावाच्या पट्ट्या बदलायच्या, ही कल्पना युन-सिलची. त्या आठवड्यात माझं नाव तिच्या कोटाच्या आत, तिचं तुझ्या खिशात आणि तुझं माझ्या छातीवर.

स्टेशनाजवळच्या बेकरीत मी तिला पाठ्यपुस्तकातली बर्फाची कविता म्हणून दाखवत होतो. तू पंक्चर काढायला मागे राहिला होतास. शाळेच्या मुलामुलींनी तिथे एकत्र बसायला बंदी. गस्तीवर दुसऱ्याच शाळेचे मास्तर आले. ती भटारखान्याच्या दारानं निसटली. त्यांनी माझ्या छातीवरचं नाव वहीत उतरवलं, मोठ्यानं वाचलं, आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मैदानात तुझं नाव पुकारलं. तू पुढे गेलास. मी रांगेतच उभा राहिलो. तुला शाळेतून काढलं. शिक्षक व्हायचं होतं तुला; झालो मी. पुढे हजेरी घेताना कुणी दाल-सू निघाला की मी वहीतून मान वर करायचो नाही.

ती मास्तरांची चूक नव्हती, दादा. बेकरीत मी होतो.

जमलं तर थोडा जीव लावून ठेव.
गी-ह्वान

सुनचॉन, ता. १६ नोव्हेंबर

चि. मास्तर यास आशीर्वाद.

माझी पट्टी कुणाच्या छातीवर आहे हे मला ठाऊक नसेल? तुझं नाव घेतलं असतं तर आपली दोघांची झडती झाली असती आणि पट्टीवरून युन-सिल सापडली असती. तिचं नाव बुटात टाचेखाली घालून उभा होतो. पट्टीची पिन चांगली रुतत होती. ते मी आपणहून केलं, त्याबद्दल तुला बोल नाही.

पण नंतर सहा महिने मी आणि ती रोज संध्याकाळी बेकरीच्या कोपऱ्यावर तुझी वाट बघायचो. तू समोरून जायचास, पुस्तकात तोंड खुपसून. मी हाक मारणार तोच ती म्हणायची, ‘नको, लाजेल तो.’ लाज वाटायची असेल तर त्याची वाटू दे.

पूजेला माझी पट्टी घेऊन ये. तिची मी आणतो. मंदिराच्या पायरीवरून मी तुला हाक मारीन.

लोभ तेव्हाही होता. या वेळी फक्त ओ दे.
दाल-सू