दादाचं मत

मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८
नवीन पनवेल

भाऊबीजेला न आलेला दादाचा फोन आज संध्याकाळी इंग्लंडहून आला. त्याच्या मोटार कारखान्यात येणारं नवं मॉडेल आता युरोपातल्या दुसऱ्या देशात बनणार. इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर गाड्यांवर किती कर बसेल हेच कळत नाही, म्हणून कंपनी तिथे पैसे गुंतवायला तयार नाही. दादाची नोकरी जाणार.

मी चिडून म्हटलं, "बाहेर पडायला मतं दिली त्यांना विचार आता."

 तो म्हणाला, "सुमे, मीही तेच मत दिलं होतं. वाटलं, बाहेरून येणारी माणसं थांबतील, आमचे पगार वाढतील."

 बाहेरून येणारी माणसं? आणि हा पनवेलहून तिकडे गेला, तो कोण? माझा दादा असं म्हणतो? बाहेरून येणारी माणसं...

"वहिनीला माहितेय?"

"नाही. तिला वाटतं, आम्ही दोघांनी संघात राहायलाच मत दिलं. तूच सांग ना तिला."

आयुष्यात पहिल्यांदा दादाला नाही म्हटलं. आणि फोन ठेवला.