अमावास्येचं तेल

हुबळी, कमरीपेठ
आश्विन शुद्ध पंचमी, सन १९४६

चि. प्रभंजन यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. पुण्यात तुझ्या जेवणाची आबाळ होत असेलच, म्हणून ते विचारत नाही. श्यामलेचा पुढचा दात पडला; मामाला दाखवायचा म्हणून तिने डबीत ठेवलाय.

तुझं करवतीचं इंजिन परवा काढलं. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा वखारीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून तू ह्यांच्याशी भांडून गेलास, तेव्हापासून ते तसंच. आता लाकडं येऊन पडलीत, तर हँडल जागचं हलेना! जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, प्लग घासून बसवला, रामू हमाल हँडलला अक्षरशः लोंबकळला. कुठलं काय! शेवटी कोप्पीकर रोडवरून मिस्त्री आणला. त्याने वरचं झाकण उघडलं, तर आत तपकिरी थर, लाखेसारखा घट्ट. दट्ट्या त्यातच चिकटलेला.

"याव एण्णी हाकीरी, अक्का?" कुठलं तेल घातलंत, असं त्याने मलाच विचारलं.

"मला काय ठाऊक?" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

चुलीपाशी आपली तेलाची बुधली असते ना, तिच्या तोंडाशी तस्साच थर असतो. नखाने खरवडला तरी निघत नाही.

जाताना तू म्हणाला होतास, "अक्का, दर अमावास्येला ह्याला थोडं तेल घाल." एक अमावास्या चुकवली नाही रे मी. हळदकुंकूसुद्धा लावलं. पण कुठलं तेल ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आपल्या घरात तेल म्हणजे करडईचं.

एवढ्यावर भागलं असतं तर हसत लिहिलं असतं. पण हे सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यानेच जाताना लाख ओतली." मी कपबशी घेऊन दारात उभी. बोलले नाही. ह्यांच्या रागाला भ्याले, आणि खरं सांगते, माझं हसं होईल म्हणूनही भ्याले. दुसऱ्या दिवशी हे रायापूरला जाऊन इंदुमतीच्या वडिलांना सांगून आले, असल्या खुनशी पोराला मुलगी देऊ नका. तुझं ठरत आलेलं लग्न, आणि तरी मी गप्प.

मिस्त्रीने आत रॉकेल घालून भिजत ठेवलं होतं. आज सकाळी इंजिन सुरू झालं. तो आवाज ऐकला आणि माझ्या हातून पोळी करपली. तशीच बाहेर गेले, ह्यांना सांगू लागले. ऐकू येईना. "काय? काय?" करत ह्यांनी इंजिन बंद केलं, आणि वखारभर माझाच आवाज घुमला, "तेल मीच घातलं हो!"

रामू हसला. हे हसले नाहीत. लाकडावर बसले आणि म्हणाले, "जेवून रायापूरला निघू. तूच सांग." ते लोक ऐकतील की नाही, देव जाणे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा आहे. ह्या खेपेला इंजिनाला कुंकू मी लावणार नाही. तू ये. रागवायला तरी ये.

तेल घालताना एक अमावास्या न चुकवणारी
आणि ऐन वेळी तोंडात मिठाची गुळणी धरलेली,
तुझी अक्का