मागून फाडलेले चेक

सोम. ५ ऑगस्ट १९८५, जोगेश्वरी

पासबुक भरून आणलं. आईशप्पथ! जून सातशे, जुलै नऊशे, आणि परवा दीड हजार! मी एक पैसा काढलेला नाही. हे तर मस्कतला. काउंटरवरचा म्हणतो, "बाई, चेकवर मिस्टरांचीच सही आहे. मोरे नावाचा माणूस येतो."

मोरे म्हणजे एजंटचा वसुलीवाला. ह्यांच्या व्हिसाचं कर्ज त्याच एजंटकडचं. पण ते निघायच्या आधीच फिटलं ना? मला तर तसंच सांगितलं.

घरी येऊन चेकबुक काढलं. पुढचे सगळे जागेवर. शेवटचे सहा गायब. मागून फाडलेत, मला कळू नये म्हणून! हे गेले त्या दिवशीसुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मंगळ. ६

बँकेचे साहेब म्हणतात, पेमेंट थांबवायचं तर ज्यांची सही त्यांनी लिहून द्यायचं. पत्र मागवा म्हणे. पत्र येईपर्यंत वाटच लागेल.

पण खातं दोघांचं, कोणीही काढू शकतं, हेही त्यांनीच सांगितलं. मग मीच काढले. शंभर ठेवले, बाकी पाच हजार पोस्टात, माझ्या एकटीच्या नावावर. दहिसरला खोली घ्यायचीय, तिचे आहेत ते. त्यासाठीच तर हे गेले. ह्यांना सगळं लिहिलं.

रवि. ११

शेजारी कांबळेवहिनींना सांगायचं म्हणून गेले. साखर मागून परत आले. नवऱ्याची लाज, कुठल्या तोंडाने सांगू?

एकटीपुरती भाजी करायचा कंटाळा. पिठलं-भात. रविवार सरता सरत नाही.

मंगळ. ३ सप्टें.

मोरे आला. चप्पल न काढता थेट आत.

"वहिनी, खात्यात पैसे का नाहीत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

हसला मेला. "भाऊंना विचारा. सोमवारी येतो परत."

दार लावल्यावर कडीही घातली. पण बोलले! कोणाला सांगू, मी बोलले!

गुरु. ५

ह्यांचं पत्र. निघताना अर्धं कर्ज बाकी होतं म्हणे. महिना पाचशे ठरलेले. कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्या, आकडा मोरेने भरायचा. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही. माझा पासपोर्ट इथे त्यांच्याच माणसाकडे आहे. वाईटपणा घेऊ नकोस. पैसे परत खात्यात टाक."

पाचशेचे दीड हजार केले त्याने, त्यावर एक अक्षर नाही. तू कशी आहेस, तेही नाही.

रवि. ८

उत्तर लिहिलं. पाचशे मी मोरेच्या हातात देईन, पावती घेऊन. जास्तीचे गेलेत ते वळते करायचे. उरलेल्या तीन चेकांसाठी तुम्ही बँकेला लिहा.

मग खाली लिहिलं, 'मला सांगितलं असतंत तर मी घाबरले नसते.' खोडलं. परत लिहिलं.

पण तो पासपोर्ट. माझ्या हट्टापायी ह्यांना तिथे काही झालं तर? ह्यांना विचारावं तर उत्तराला महिना. मोरे उद्या यायचाय.

तिकीट लावलंय. पाकीट अजून उघडंच आहे.