पैलवानाच्या दारात तिघं

४ ऑगस्ट १९९८
प्रशिक्षण संपलं. तीन दिवस डॉक्टर, आम्ही नर्सा आणि अंगणवाडीच्या बायका एकाच सतरंजीवर. शिकवलं एवढंच की कुपोषित पोराच्या घरी एकेकटं जायचं न्हाय, तिघांनी मिळून जायचं. डॉ.नी पहिल्यांदाच अंगणवाडीच्या शालाक्काला विचारलं, "तुमचं काय मत?" लाजली बिचारी.

६ ऑगस्ट
शालाक्काच्या गावात, बावड्यात, आम्ही तिघं गेलो. संभा पैलवानाची सुमी. दोन वर्षांची, वजन पावणेसहा किलो. कुपोषणाची चौथी श्रेणी, म्हणजे शेवटची. आणि दारात दोन म्हशी! निम्मं दूध डेअरीला, निम्मं बापाच्या खुराकाला. बायको रंजी त्याला बदाम वाटून देते, पोरीला चहात बुडवलेलं बेकरीचं बटर. डोकंच फिरलं माझं. तालमीची चार पोरं जीपभोवती उभी, आणि मी मोठ्यानं बोलले, "पैलवानाच्या घरात उपाशी पोर!" डॉ.नी कोपरानं ढोसलं, पण तोंडातनं गेलं ते गेलं.

७ ऑगस्ट
आम्ही निघाल्यावर त्यानं रंजीला म्हशीच्या दाव्यानं फोडलं. पाठ काळीनिळी, डावा हात पिरगाळून मोडला. अक्का सोडवायला गेली, तिच्याही कानाखाली. अक्का मला म्हणाली, "बाई, तोंड आवरलं असतंस तर?" खरं हाय. माझ्यामुळं झालं. मेल्याचे हात झडोत.

९ ऑगस्ट
परत तिघं. सुमी निपचित. डॉ. म्हणाले, आजच दवाखान्यात न्यायला पाहिजे. संभा उंबऱ्यात आडवा. "माझी पोरगी हाय. मरूद्या."
मरूद्या!
हातातला वजनाचा ताणकाटा घातला त्याच्या तोंडावर. भुवई फुटली, भळाभळा रक्त. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं. मग तालमीची पोरं धावली. जीपची काच गेली. डॉ.ना खाली पाडून तुडवलं. माझ्या डोक्यात बसणारी काठी अक्कानं दंडावर घेतली. पोरगी तिथंच राहिली.

१० ऑगस्ट
डॉ.ना उठता-बसता येईना. झापलं मला, "सिस्टर, आम्ही दोघं होतो की तिथं! विचारायचं तरी." पोलिसात जायचं म्हणाले. अक्का म्हणाली, "ते येईस्तोवर पोरगी राहील व्हय?" आणि सुजलेला दंड घेऊन गेली संभाच्या आईकडं. निरोप आणला. सिस्टरनं तालमीपुढं, सगळ्यांच्या देखत संभाच्या पाया पडायचं, मग पोरगी न्या. डॉ. म्हणाले, मी पडतो. तिकडनं उत्तर, "न्हाय. तीच."

११ ऑगस्ट, सकाळ
दहाला जायचं. अक्का आन् डॉ. दोन्ही बाजूंना उभे राहणार. काल अक्काला रंजी दारात दिसली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या काखेत सुमी. सुमीला मान धरवत नव्हती. पडीन पाया. नाक घासीन. पण तो वरनं हसला तर? अक्काला सांगितलंय, माझा हात घट्ट धर, काय झालं तरी सोडू नको.
अक्का म्हणाली, "धरते की. पण माझा कोण धरणार?"