गाडीची डावी बाजू तानाजीभावोजींना

मी, भागीरथी आनंद पिसाळ, राहणार डोंबिवली पूर्व, काम घरचे आणि पूर्वी ट्रकमध्ये रस्ता सांगण्याचे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सून हेमा शेजारी बसून मटार सोलते आहे आणि मधूनमधून वाकून बघते आहे, त्याला मी दबाव समजत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात "तुला काही देणार नाही" असे ज्याला ज्याला म्हणाले असेन, ते सर्व रद्द समजावे.

माझे पती आनंद हे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यामागे त्यांचा ट्रक माझ्या नावावर झाला. खरे भांडण त्या ट्रकचे आहे. बाकीचे आधी उरकून घेते.

१. राहती खोली मुलगा सिद्धेश आणि सून हेमा यांना निम्मी-निम्मी. कागदावर हेमाचे नाव आधी घालावे. सिद्धेशला स्वतःचा चष्मा सापडत नाही, उद्या खोली कुठे ठेवली म्हणून विचारेल.

२. बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या हेमाला. गाडीत आणखी मोठा स्क्रीन बसवायचा म्हणून सिद्धेशने त्यातले काही मागू नये. मागितल्यास हेमाने त्याला हे पान वाचून दाखवावे, मोठ्याने.

३. माझी पुस्तके आमच्या इथल्या वाचनालयाला. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर ह्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसून रस्त्याकडेच्या दगडांवर अक्षरे शिकले. ठ ठाण्याचा, भ भिवंडीचा. ण तर ठाणे, कल्याण, पुणे सगळीकडे भेटायचा, म्हणून तो आधी पाठ झाला. ज्ञ मात्र कोणत्याच गावाने दिला नाही. तो पुढे वाचनालयातल्या दक्षताताईंनी दिला, त्यांचे उपकार आहेत.

४. रस्त्यांचा नकाशा. हा मागून कापड लावून चिकटवलेला आहे आणि घड्यांवर विरला आहे. नकाशा माझ्या मांडीवर आणि स्टिअरिंग ह्यांच्या हातात, असा आमचा संसार झाला. भांडण दोघांकडे असे. मी म्हणायचे, "अहो, डावीकडे." ते म्हणायचे, "भागे, डावीकडे विहीर आहे." मग कळायचे की नकाशा उलटा धरला आहे.

कपाळावरची टिकली सुटली की बायका ती आरशाला लावतात. मी नकाशाला लावत असे. जिथे वळण फसवे, जिथे पाणी गोड, जिथे बायकांना जायला आडोसा आहे, तिथे एक टिकली. आडोशाचे तर मोबाईलमधली रस्ता सांगणारी बाई अजूनही सांगत नाही, आणि म्हणे बाई आहे.

हे गेले तेव्हा माझी धाकटी जाऊ रंगूबाई हिने रीतीप्रमाणे माझ्या कपाळावरची टिकली काढली. रीत म्हणून ती मी काढू दिली. मग तिने ओले फडके घेऊन नकाशावरच्याही टिकल्या सोलून काढल्या. "आता घरात नकोत, आक्का," म्हणाली. तेव्हा मात्र मी तिला जे बोलले ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेले. टिकल्या गेल्या, पण त्यांच्या गोंदाचे गोल राहिले. त्यावर धूळ बसून ते काळे झाले आहेत आणि आधीपेक्षा जास्त उठून दिसतात.

सबब हा नकाशा मी रंगूबाईला देत आहे. तिने तो पुन्हा पुसू नये. माझ्या पेटीत टिकल्यांची न फोडलेली पाकिटे आहेत, ती हेमाला. दोघींनी एकत्र बसून गोलांवर टिकल्या लावाव्यात. एखादीचा आकार जुळला नाही तर हेमाने रंगूबाईला टोमणा मारू नये. तो हक्क माझा होता, माझ्याबरोबर संपेल.

५. आता ट्रक. रंगूबाईचे पती, माझे दीर तानाजीभावोजी, हे ह्यांच्या गाडीवर क्लीनर म्हणून आले आणि ड्रायव्हर झाले. ह्यांच्यामागे सिद्धेश आणि भावोजी दोघे मिळून गाडी चालवत होते. सिद्धेश मोबाईल लावतो. भावोजी नकाशा बघतात आणि पानवाल्याला विचारतात. दोघांनी आपापल्या जागी चालवले तर मला दोन्ही मान्य आहे. पण ते एका केबिनमध्ये बसले, सिद्धेश स्टिअरिंगवर, भावोजी डाव्या दाराशी, आणि त्या दिवशी मधल्या जागेवर मी होते.

ह्यांचे वर्षश्राद्ध झाल्यावर सिद्धेश म्हणाला, "आई, चल, तेवढाच बदल." गाडीत नव्या इमारतीसाठी कमोड भरले होते. ठाण्याहून कल्याणपलीकडे मोहन्याला पोचवायचे होते. माजिवड्याच्या नाक्यावर भावोजींनी माझा नकाशा उघडला. त्या नकाशात माजिवड्याला एकही पूल नाही आणि आता तिथे पुलावर पूल आहेत. सिद्धेश म्हणाला, "काका, वरून जायचं." भावोजी म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी खालून जातोय." खालून गेलो आणि परत ठाण्यातच, खोपटला निघालो. एसटी डेपोच्या तोंडाशी आमची गाडी आडवी. मागचा एसटी ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, मुक्कामाला आलात का?"

मग सिद्धेशने मोबाईल काढला. बाई गोड बोलते, हे मी कबूल करते. थकत नाही, तिला गाडी लागत नाही, चहाला थांबा म्हणत नाही. आपण चुकलो तरी आवाज चढवत नाही. मी चढवायचे. पण आपण ट्रक आहोत की स्कूटर, हे तिला माहीत नसते. मोहन्याजवळ आल्यावर तिने आम्हाला एका गल्लीत घातले. भावोजी म्हणाले, "सिद्ध्या, उतरून विचार." सिद्धेश म्हणाला, "बाई सरळ सांगतेय." "बाईला काय घर नाय इथं, तिला काय माहीत?" एवढे होईस्तोवर समोर अख्ख्या गल्लीभर मांडव. ढोल, पाटावर नवरा मुलगा, त्याच्या अंगाला हळद. मांडव ना नकाशात असतो, ना मोबाईलमध्ये.

कोणी उतरेना. भावोजी नकाशामागे तोंड लपवून बसले. बाई म्हणत होती, "सरळ पुढे जात राहा." शेवटी मी उतरले. हळदीचे ताट घेतलेल्या एका बाईला विचारले, "ताई, हा रस्ता पुढे जातो का?"

ती म्हणाली, "जातो गो माय, पन हलद झाल्यावर." मग मागचा माल बघून म्हणाली, "आहेर हानलाय काय येवरा?"

गाडी उलटी काढल्याशिवाय सुटका नव्हती. उलटी घ्यायची तर मागे माणूस लागतो. ह्यांच्या वेळेपासून ते काम भावोजींचे. ते गाडीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, थाप मारत "येऊ दे, येऊ दे" म्हणायचे आणि हे आरशात न बघता गाडी मागे घ्यायचे. त्या दिवशी भावोजी हलेनात, म्हणून मी मागे गेले आणि थाप मारली. "येऊ दे!" माझा आवाज ढोलात बुडाला. गाडी मांडवाच्या मागच्या खांबाकडे निघाली.

तेवढ्यात केबिनचे दार धाडकन उघडले. "वहिनी, व्हा बाजूला! ते तुमचं काम नाय!" भावोजी नकाशासकट खाली. "येऊ दे सिद्ध्या, येऊ दे, कट मार, अजून, अजून, येऊ दे... बस्स!" आणि सिद्धेशनेही आरशात बघितले नाही. मी त्याच्याकडे बघत होते, त्याची मान समोरच होती. अगदी ह्यांच्यासारखी.

मांडववाल्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. पंगतीत दोघे पुन्हा पेटले. भावोजी म्हणाले, "दादाची गाडी या मोबाईलवाल्याच्या हातात राहिली तर भंगारात जाईल." सिद्धेश म्हणाला, "मग काकांनी नकाशा घेऊन पायी जावं." तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. भावोजी दुसऱ्याच्या गाडीवर जातात. सिद्धेश एकटा जातो, आणि आमच्या गाडीच्या फाळक्याला ठिकठिकाणी पोचे आले आहेत. पुढून गाडीला एक ओरखडा नाही. सगळे पोचे मागे.

म्हणून मी असे ठरवते. ट्रक सिद्धेश आणि तानाजीभावोजी या दोघांच्या मालकीचा राहील. उजवी बाजू, म्हणजे स्टिअरिंग आणि मोबाईलचा स्टँड, सिद्धेशची. डावी बाजू, म्हणजे दार, खिडकी आणि तिथून पानवाल्याला रस्ता विचारण्याचा हक्क, भावोजींची. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, गाडीची बाजू नावावर होत नाही." मी म्हटले, "मग गाडी दोघांच्या नावावर करा, आणि बाजू भांडणापुरत्या लिहून ठेवा." एकाने आपली बाजू दुसऱ्याशिवाय विकू नये. विकून दाखवावी. पुढे जाताना कोणाचे ऐकायचे ते त्यांनी बघावे, पण गाडी उलटी घेताना मोबाईल बंद, नकाशाची घडी, आणि मागे भावोजी.

६. जॅक, चाक खोलायची टॉमी आणि पान्यांची पेटी तानाजीभावोजींना. त्यातला मोठा पाना सिद्धेशने नेलेला आहे, तो त्याने स्वतः नेऊन द्यावा. हेमाच्या हाती पाठवू नये.

७. माझ्या शेवटच्या प्रवासाबद्दल. मला आमच्याच ट्रकमधून न्यावे. स्मशानाच्या फाटकात गाडी उलटीच घ्यावी लागते, हे मी ह्यांच्या वेळी केबिनमध्ये बसून पाहिले आहे. तेव्हा भावोजी मागे उभे होते. त्यांचा घसा बसला होता, तरी "येऊ दे" म्हणायचे त्यांनी सोडले नाही. माझ्या वेळी दोघांचे बोलणे नसेल, तर गाडी फाटकाबाहेर थांबवून ठेवावी. मला घाई नाही. माझ्यामागे ताटकळणाऱ्या लोकांना हेमाने चहा द्यावा. भावोजी उतरून मागे जातील, फाळक्यावर थाप मारतील आणि "येऊ दे" म्हणतील, तेव्हाच सिद्धेशने क्लच सोडावा. आरशात बघू नये.

हे आधी गेले आहेत, पण नकाशा माझ्याकडे राहिल्यामुळे फार लांब गेले नसतील. एवढी एक हाक त्यांना ऐकू गेली की झाले. पुढचा रस्ता मी सांगेन.

हे सर्व मी वाचून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून, खाली सही करत आहे. अंगठा नाही, सही.

सही: भागीरथी आनंद पिसाळ

आमच्यासमोर त्यांनी सही केली. सही करताना त्या चांगल्या शुद्धीत होत्या आणि आमच्या पेनाला नावे ठेवत होत्या.

साक्षीदार:
१. दक्षता यज्ञेश म्हात्रे, वाचनालय, डोंबिवली पूर्व
२. साईनाथ लोखंडे, टायर-पंक्चरचे दुकान, कल्याण-शीळ रस्ता

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५